९९ सेंटचा हिशेब

स्वतः ई-पुस्तक काढणाऱ्यांना ‘किंमत ९९ सेंट लावा, खप वाढेल’ असा सल्ला दिला जातो. खप वाढेलही, पण पदरात काय पडतं? किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तक दुकानात, किंमत २.९९ डॉलरखाली असेल तर लेखकाला ३५ टक्केच रॉयल्टी, म्हणजे प्रतीमागे जेमतेम ३५ सेंट. २.९९ ला ७० टक्के मिळतात, फाइल पोचवण्याचा खर्च वजा जाता दोनेक डॉलर. म्हणजे तेवढ्याच कमाईसाठी ९९ सेंटला जवळपास सहापट प्रती खपवायच्या! त्यात जाहिरात दिलीत तर दर क्लिकमागे मोजायचे पैसे वेगळे. मालिकेचा पहिला भाग असेल तर गोष्ट निराळी. तिथे कमाई पुढच्या भागांवर होते.

आणि हो, केडीपी सिलेक्ट (अ‍ॅमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेतली ऐच्छिक योजना) घेतलंत तर ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे विकता येत नाही. छापील प्रतीला ही अट नाही. मुदत आपोआप वाढते, म्हणून बाहेर पडायचं असेल तर ती संपण्याची तारीख लिहून ठेवा.