एल्फ ऑन द शेल्फ, आगमनकाळ आणि नाताळगोठा: एका घरात कसं बसवायचं?

वसईची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, मूळ वसईचे. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. मुलीच्या वर्गात डिसेंबरभर एल्फ (सांताचा बुटका मदतनीस म्हणून ठेवलेली बाहुली, मोठी माणसं रात्री गुपचूप तिची जागा बदलतात) असतो, बऱ्याच मैत्रिणींच्या घरीही आहे, म्हणून यंदा आपल्याकडे हवाच असा हट्ट चाललाय. आमच्याकडे आगमनकाळाच्या (नाताळआधीचे चार आठवडे) मेणबत्त्या लागतात, गोठा होतो, रविवारची मिस्सा चुकत नाही.

अडतंय ते असं. एल्फ रोज रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला मुलांची खबर देतो, हा त्या खेळाचा पायाच. मग मुलांनी डिसेंबरात गोठ्याकडे बघायचं की या चुगलखोराकडे? शिवाय दोन-तीन वर्षांत एल्फचं बिंग फुटणार, आणि "मग बाळ येशूचंही असंच का?" हा प्रश्न दारात उभा राहणार. मुलगी आताच "देवाशप्पथ सांग, खरा आहे का?" म्हणते. सासूबाईंच्या मते असली थेरं घरात नकोतच.

दोन्ही नीट चालवता येतं का? घरात कुत्रा आहे. रात्री दहानंतर आम्हा दोघांच्या अंगात त्राण नसतं. आणि 19 डिसेंबरला वसईला निघायचंय, 10 जानेवारीला परत. तेव्हा एल्फचं काय करायचं?

गोठेवाला

ताई, चालवता येतं. आधी बाहुली आणि तिच्याबरोबर येणारी कथा वेगळी करा. हा प्रकार 2005 साली अमेरिकेत पुस्तक आणि बाहुली असा एका खोक्यात बाजारात आला. खबर देणं, हात लावला की जादू जाणं, हे सगळं त्या खोक्यातलं. चर्चचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यामुळे त्यातलं हवं ते ठेवायला आणि नको ते गाळायला तुम्ही मोकळ्या आहात.

मी ठेवीन: रात्री जागा बदलणं, खोड्या, हात न लावणं (हा नियम बाहुली टिकण्यासाठीही बरा). मी गाळीन: खबर. पहिल्या सकाळी जी चिठ्ठी ठेवाल तिच्यातच मिटवून टाका: "मी सुट्टीवर आलोय. तुमच्याबद्दल कुणाला काही सांगायचं काम माझ्याकडे नाही." वर्गातला एल्फ खबर देतो असं मुलगी म्हणेल. म्हणू द्या. तो ड्युटीवर, आपला रजेवर. मात्र एकदा हे ठरलं की वैतागाच्या क्षणी "थांब, एल्फला सांगते" हे तोंडातून जाऊ द्यायचं नाही. एकदा गेलं की चिठ्ठी फुकट. आजी-आजोबांनाही हे आधी सांगून ठेवा, बहुतेक घरांत धमकी तिथूनच सुरू होते.

आता श्रद्धेचा भाग. बरेच भाविक पालक एल्फलाच धार्मिक करतात: बायबलचं वचन हातात दिलेला एल्फ, गव्हाणीपाशी गुडघे टेकलेला एल्फ. घोटाळा नेमका तिथे होतो. उद्या जो खोटा निघणार आहे त्याच्या तोंडून खरं म्हणून सांगितलेलं सगळं त्याच्याबरोबरच जातं. म्हणून हद्द आखा: एल्फ गोठ्यात नाही, मेणबत्त्यांच्या चक्राजवळ नाही, प्रार्थनेच्या खोलीत नाही. मुलांनी कारण विचारलं तर "ती आपली प्रार्थनेची जागा, तो पाहुणा" एवढं पुरे.

रोज काहीतरी हलण्याची गंमत गोठ्यातही आहे, त्यासाठी एल्फच लागतो असं नाही. दोन गोष्टी करून बघा.

रिकामी गव्हाण: आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी (2026 मध्ये 29 नोव्हेंबर, म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरचा लगेचचा रविवार) गव्हाण मोकळी ठेवा. शेजारी वाटीत सुतळीचे सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे. कुणी कुणासाठी काही चांगलं केलं की त्यातला एक तुकडा, म्हणजे एक काडी, गव्हाणीत. नाताळच्या रात्री त्या गादीवर बाळ ठेवायचं. खरं गवत घेऊ नका, कुत्रा विस्कटतो आणि घरभर होतं. काड्या मोजायच्या नाहीत आणि कुणाची कुठली हेही ठेवायचं नाही. मोजल्या की तिसऱ्या दिवशी भावंडांत शर्यत लागते. शिक्षा म्हणून काडी काढून घेणं तर अजिबात नाही. तसं केलंत तर गव्हाणीचाच एल्फ झाला.

तीन राजे (पूर्वेकडून बाळ येशूला भेटायला आलेले): त्यांना सुरुवातीला गोठ्यात ठेवू नका. घराच्या पूर्वेकडच्या खिडकीत सुरुवात, रोज रात्री हातभर पुढे, 6 जानेवारीला गोठ्याशी. एल्फ हलवायला उठताच आहात, त्याच फेरीत हेही होतं. फरक एवढाच की राजे आपण हलवतो हे मुलांना पहिल्यापासून माहीत असतं. मोठीला एक राजा देऊनच टाका. गोव्यात रेइश मागुश, कांसावली आणि चांदर इथे 6 जानेवारीला मुलं राजे बनून येतात, ते व्हिडिओ दाखवले की तिला या प्रवासाचा अर्थ लागेल.

शपथेचं उत्तर सरळ द्या: "देवाची शपथ आपण खेळावर घेत नाही." पुढे "पण खरा आहे का?" आलंच तर "तुला काय वाटतं?" असं एकदाच विचारा. त्यावरही ती नेटाने विचारत राहिली तर समजा तिला खरं उत्तर हवंय. तेव्हा खोटं बोलायचं नाही, खरं सांगून तिला रात्रीच्या कामात घ्यायचं. सात वर्षांचं मूल धाकट्यासाठी गुपित छान सांभाळतं. फक्त वर्गात इतरांचा खेळ मोडायचा नाही, एवढं बजावा.

रात्रपाळी

वरचं सगळं मान्य. मी फक्त बाहुलीचं बोलतो, कारण लोक तिथेच हात टेकतात.

विकत मिळणारा एल्फ साधारण फूटभर उंच, डोकं प्लास्टिकचं, अंग कापडी आणि लुळं. हात गुडघ्यांभोवती टाक्याने अडकवलेले असतात, म्हणून तो फक्त बसतो. टाका फक्त दोरा कापून सोडवा, कापड नाही. मग पाठीची शिवण दोन सेंटिमीटर उसवून फुलांच्या सजावटीची, कापड गुंडाळलेली 18 गेजची तार घाला: एक तार या पंजापासून त्या पंजापर्यंत, दुसरी या पावलापासून त्या पावलापर्यंत. मापात दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर जास्त धरा आणि टोकं दुमडा, नाहीतर आठवड्यात तार कापडातून बाहेर येते आणि चार वर्षांच्या मुलाच्या हाताला लागते. पंजांवर वेल्क्रोचे सेंटिमीटरभर चौकोन शिवा. चिकटवाल तर निघतील. एवढं केलं की तो पडद्याच्या दांडीला लटकतो, दाराच्या मुठीला मिठी मारतो, आणि निम्मं काम संपतं.

चोवीस रात्री चोवीस देखावे करायला जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यात दमछाक होते, आणि एकदा मोठा देखावा केला की मुलं रोज तसाच मागतात. नोव्हेंबरातच कागदावर पंधरा नुसत्या जागा लिहा (घड्याळावर, फळांच्या टोपलीत, चहाच्या डब्यामागे), पाच-सहा पाच मिनिटांचे प्रकार आणि दोनच मोठे, तेही शुक्रवारी रात्री. फोनला साडेनऊचा गजर. दहाचा नको, दहाला तुम्ही सोफ्यावर असाल.

स्वस्त आणि चालणारा प्रकार: सालीसकट केळ्यावर टूथपिकने टोचून नाव लिहा. रात्री काही दिसत नाही, सकाळपर्यंत अक्षरं तपकिरी उमटतात. शाई नाही, केळं खाता येतं. फक्त हिरवट केळं घेऊ नका, त्यावर नीट उठत नाही.

बर्फ म्हणून पीठ सगळे पसरतात. करू नका. गालिच्यात गेलं आणि ओल्या फडक्याने पुसलं की खळ होते. मीठ कुत्र्याने चाटलं तर त्याला बाधतं. चुरमुरे घ्या, दोन मुठी पुरतात, झाडूने निघतात. मार्शमेलो वापरणाऱ्या शाकाहारी घरांनी पाकीट वाचावं, बहुतेकांत जिलेटिन असतं. चॉकलेट, बेदाणे आणि झायलिटॉलवाला च्युइंगगम कुत्र्याला विषारी, त्यामुळे एल्फच्या हातात या तीन गोष्टी कधीच नकोत. बाहुलीही कुत्र्याच्या तोंडाच्या वर ठेवा. हॅलोजनच्या दिव्यावर, शेगडीवर, फायरप्लेसच्या कठड्यावर बसवू नका, कापड सिंथेटिक असतं.

हलवायला विसरलात तर: सकाळी मुलांच्या आधी उठून फक्त डोक्याची दिशा बदला आणि "काल बर्फाचं वादळ होतं" म्हणा. दमच नसेल त्या आठवड्यासाठी पायाला बँडेज गुंडाळा, शेजारी चिठ्ठी: "पाय मुरगळला. डॉक्टरांनी पाच दिवस हलू नको म्हटलंय." मुलं उलट त्याची सेवा करतात. धाकट्याने हात लावलाच तर या खेळात त्यावर दालचिनीचा उपाय सांगतात: शेजारी चिमूटभर पूड आणि सॉरीची चिठ्ठी. पूड बाहुलीवर टाकू नका, पांढऱ्या कॉलरवरचा डाग जात नाही.

चिठ्ठ्या मराठीत लिहा. तीन-चार शब्द, मोठी अक्षरं. मुलगी वाचेल, हट्टाने वाचेल. तुमचं अक्षर ओळखत असेल तर छापून घ्या.

टेक्सासचा_पुणेकर

विरोधी मत नोंदवतो. आपल्याकडे बागुलबुवा होताच, हा टोपी घालून आलेला बागुलबुवा. वसईची_लेक, सासूबाई थेरं म्हणतात त्यात तथ्य आहे. आमच्यासारख्या हिंदू घरात तर नाताळ म्हणजे शाळेतून आलेला सण. तिथे झाड, दिवे, केक एवढं पुरतं. मुलाला "तो खेळ त्यांच्या घरचा" हे सांगितलं की कळतं. प्रत्येक घरात नवरात्र बसत नाही हेही त्याला कळतंच ना. एल्फ न आणणं हाही पर्याय आहे, आणि त्याला रात्रीची मेहनत शून्य.

आणलाच तर भेटवस्तूंचं पहिल्या दिवशी ठरवा. काही घरांत एल्फ रोज खाऊ आणतो, मुलं वर्गात तुलना करतात. आपला एल्फ काही आणत नाही, फक्त खोड्या काढतो. पाचव्या दिवशी नियम बदलायला गेलात तर रडारड.

ओस्लोकर

पुणेकर, बागुलबुवाची तुलना पटली, पण ती सगळ्या बुटक्यांना लागू नाही. इकडे उत्तर युरोपातला निस्से (स्वीडनमध्ये टोम्टे) मूळचा शेतघराचा राखणदार. गुरांची काळजी घ्यायची आणि नाताळच्या रात्री त्याला वाडगाभर खीर, वर लोण्याचा गोळा. लोणी विसरलात तर तो रागावतो. म्हणजे हिशेब मुलांचा नाही, मालकाचा! आइसलँडमध्ये तेरा भाऊ 12 डिसेंबरपासून एकेक करून डोंगरावरून उतरतात. खिडकीतल्या बुटात छोटी भेट, खोडकर मुलाला बटाटा. पूर्वी हे फार भेसूर होते. असल्या राक्षसांची भीती मुलांना घालू नये असं फर्मान 1746 साली निघालं होतं, तेव्हा हा वाद काही आजचा नाही.

रात्री त्राण नसणाऱ्यांसाठी इथली दाराची पद्धत सोयीची. भिंतीच्या तळाशी दहा-बारा सेंटिमीटर उंचीचं लाकडी दार, शेजारी इवली शिडी, बादली, बूट. निस्से स्वतः कधीच दिसत नाही. दिसतात फक्त खुणा: दुधाचा रिकामा कप, बुटांच्या नाड्यांच्या गाठी, उलटे टांगलेले मोजे. बाहुली नाही, म्हणून हलवायचं विसरणं नाही, हात लागून जादू जाणं नाही, आणि आठवड्यातून तीन रात्री काही झालं नाही तरी कुणी विचारत नाही. दार दुतर्फी टेपने लावू नका, काढताना रंगाचा पापुद्रा निघतो. ओढल्यावर सुटणाऱ्या पट्ट्या वापरा किंवा दार नुसतं टेकवून ठेवा.

श्रद्धेच्या बाजूने आणखी एक: 6 डिसेंबरला संत निकोलसचा दिवस येतो. हा मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला, खरा माणूस. आदल्या रात्री बूट दाराशी, सकाळी त्यात संत्रं आणि नाणं. सांताचं बिंग फुटेल तेव्हा मागे उभा राहायला कुणीतरी खरा लागतो, तो हा.

वसईची_लेक

सगळ्यांचे आभार. दाराची कल्पना सासूबाईंना चालेलसं वाटतं, पण मुलीला बाहुलीच हवी. रजेवरचा एल्फ आणि वेगळा गोठा असं ठरवतेय. 19 तारखेचं राहिलं.

गोठेवाला

18 च्या रात्री त्याला निरोप द्या. चिठ्ठी फ्रिजवर: "माझी सुट्टी संपली. वसईच्या गोठ्याला माझा नमस्कार." वसईला नेऊ नका. तिथे चुलत-मावस भावंडं पन्नास प्रश्न विचारतील, आणि बॅगेत सापडला तर सगळंच उघडं पडेल. मुलं झोपल्यावर जुन्या उशीच्या खोळीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. गाडीच्या डिकीत नको, विमानतळावर सामान काढताना तिथूनच बाहेर येतो.

तीन राजे मात्र न्या. लाकडी किंवा प्लास्टिकचे असतील तर हातबॅगेत, मातीचे असतील तर मोज्यांत गुंडाळून. मोठीने तिचा राजा स्वतः सांभाळावा. वसईच्या घरात पुन्हा पूर्वेच्या खिडकीतून सुरुवात करा आणि 6 जानेवारीला सासूबाईंच्या गोठ्यात पोचवा. गव्हाणीतल्या काड्याही पाकिटात घालून न्या, बाळ तिथेच ठेवायचं आहे.

रात्रपाळी

आणि कपाटात ठेवताना हातापायांच्या तारा सरळ करून ठेवा. वर्षभर दुमडून राहिली तर पुढच्या डिसेंबरात पहिल्याच वाकवण्यात तुटते.