१८ बाय १२ च्या खोलीत एक १५ इंची सबवूफर घ्यावा की दोन १२ इंची?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. लातुरात घराच्या दुसऱ्या मजल्यावर होम थिएटरसाठी वेगळी खोली काढायलोय. आतलं माप १८ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच. भिंती ९ इंची विटांच्या, वर स्लॅब. पडदा १२ फुटी भिंतीवर येणार. डावी लांब भिंत शेजाऱ्यांशी सामायिक आहे, उजव्या भिंतीला स्लायडिंगची एक खिडकी, मागच्या भिंतीत डाव्या कोपऱ्याला दार. गिलावा अजून व्हायचाय, म्हणजे पाइप टाकायचे तर आत्ताच टाकता येतील.

५.१ चे (पाच स्पीकर, एक सबवूफर या रचनेचे) स्पीकर आणि ते चालवणारा रिसिव्हर घरात आहेत. रिसिव्हरला दोन सब आऊट, म्हणजे सबवूफरला सिग्नल देणारी भोकं, आहेत. घोडं अडलंय सबवूफरपाशी, म्हणजे बेसच्या खोक्यापाशी. एक मोठा १५ इंची घ्यावा, की त्याच पैशात दोन १२ इंची? तिसरं म्हणजे, ओळखीतला एक डीजेवाला १८ इंचीचं बेसचं खोकं स्वस्तात द्यायला तयार आहे, अख्खी गल्ली हलेल म्हणायलाय. सीलबंद खोकं बरं की पोर्टवालं (हवेसाठी भोक ठेवलेलं)? ठेवायचे कुठे? भिंतींना फोम लावा असंही काही जण सांगायलेत. शिवाय आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर भागवावं लागतं. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

बालाघाट:
आधी ते डीजेचं खोकं डोक्यातून काढा. वरातीसाठी बनवलेल्या खोक्याचं ट्यूनिंग, म्हणजे पोर्ट ज्या स्वराला साथ देतो तो, साधारण ४० हर्ट्झच्या आसपास असतं (हर्ट्झ जितके कमी तितका आवाज खोल). मोकळ्या रस्त्यावर ५० ते १०० हर्ट्झचा ठोका लांबवर पोचवणं हे त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं. सिनेमातला स्फोट, भूकंप, विमानाची घरघर यांचा जीव मात्र २० ते ४० हर्ट्झमध्ये असतो. ट्यूनिंगच्या खाली गेलं की पोर्टवाल्या खोक्याचा आवाज दर सप्तकाला (हर्ट्झ निम्मे होताना) २४ डेसिबलने कोसळतो, आणि कोनाला मागून हवेचा आधार न राहिल्यामुळे तो नुसताच हेलकावे खातो. तिथे आवाज वाढवत गेलात तर कॉइल जाईल. गल्ली हलेल, पण पडद्यावरची इमारत कोसळताना सोफा हलणार नाही.

आता एक की दोन. इंचांकडे बघू नका, कोन किती हवा ढकलतो ते बघा. १२ इंची ड्रायव्हरच्या कोनाचं क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस सेंटिमीटर भरतं, १५ इंचीचं ८३० च्या आसपास. म्हणजे दोन १२ इंची मिळून ९८०. कोनाची मागे-पुढे चाल सारखी धरली तर दोन १२ इंची एका १५ इंचीच्या पुढेच जातात. आणि ही चाल फार महत्त्वाची आहे. ४० हर्ट्झला कोन ४ मिलिमीटर हलत असेल, तर तेवढाच आवाज २० हर्ट्झला काढायला त्याला १६ मिलिमीटर हलावं लागतं. स्वस्त सबमध्ये नेमकी हीच चाल मारलेली असते. पेटीवर पीएमपीओ वॉट (फुगवलेला, क्षणभराचा आकडा) छापलेले असतील तर तो आकडा सरळ सोडून द्या, आरएमएस वॉट (सतत मिळणारी ताकद) विचारा. आणि 'किती हर्ट्झपर्यंत, किती डेसिबलच्या फरकात' हेही विचारा. नुसतं '२० हर्ट्झ' लिहिलेलं असेल आणि पुढे ±३ डेसिबल नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

दोन घेण्याचं खरं कारण तुमची खोली आहे. खोलीच्या फुटांतल्या मापाने ५६५ ला भागा, त्या दिशेचा पहिला घुमारा, म्हणजे ज्या हर्ट्झवर खोली स्वतः घुमते तो, मिळतो. तुमच्याकडे लांबीचा ३१ हर्ट्झ, रुंदीचा ४७, उंचीचा ५६. लांबीचा दुसरा ६३ ला. मे महिन्यात हवा तापली की हे आकडे एखाद हर्ट्झने वर सरकतात, तेवढं सोडून द्या. या घुमाऱ्यांवर काही जागी आवाज फुगतो आणि काही जागी गायब होतो. खोलीच्या बरोबर मध्ये, पडद्यापासून ९ फुटांवर, कान आले तर ३१ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येणार नाही. १३.५ फुटांवर ६३ हर्ट्झची तीच गत. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर सगळंच फुगलेलं. म्हणून कान पडद्याच्या भिंतीपासून १२ फुटांवर ठेवा, मागे ६ फूट मोकळे.

एक सब कितीही महागडा घेतला तरी तो एकाच जागेवरून वाजतो, त्यामुळे हे चढउतार तसेच राहतात. माझं मत: एक सब पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. दोघे एकाच फेजमध्ये (दोन्ही कोन एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे) वाजले की लांबीचा ३१ चा घुमारा आपोआप मारला जातो. दोन्ही रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ४७ चा मुळात उठतच नाही.

माळवद:
बालाघाट यांच्याशी बाकी सगळं पटतं, पण मागे-पुढे ही मांडणी या खोलीत मी करणार नाही. कान १२ फुटांवर असतील तर पुढचा सब १२ फूट लांब आणि मागचा ६ फूट. अंतरात ६ फुटांचा फरक. ९४ हर्ट्झची लहर १२ फुटांची असते, म्हणजे ६ फूट ही तिची बरोबर अर्धी लहर. दोघांचा आवाज तिथे एकमेकांना खाणार, आणि त्याची झळ ८० च्या क्रॉसओव्हरपर्यंत, म्हणजे सब आणि स्पीकर एकमेकांकडे काम सोपवतात त्या हर्ट्झपर्यंत, येणार. मागच्या सबला ५.३ मिलिसेकंद उशीर दिला तर हे सुटतं, पण मग ३१ हर्ट्झ मारण्याची जी गंमत आहे ती ढिली पडते. आणि कमी किमतीच्या बऱ्याच रिसिव्हरमध्ये दोन सब आऊट म्हणजे एकच सिग्नल दोन भोकांतून काढलेला असतो, दोघांना वेगळा उशीर देताच येत नाही. रिसिव्हर उशीर अंतरावरून ठरवतो, म्हणून मॅन्युअलमध्ये दोन्ही सबचं अंतर वेगवेगळं भरता येतं का ते आधी बघा. येत नसेल तर मिनीडीएसपी २x४ एचडीसारखी, प्रत्येक सबला वेगळा उशीर देणारी पेटी मध्ये टाकावी लागेल.

त्यापेक्षा दोन्ही सब पडद्याखाली ठेवा, डाव्या भिंतीपासून एकाचा मध्य ३ फुटांवर, दुसऱ्याचा ९ फुटांवर. दोघे मध्यापासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर असल्यामुळे रुंदीचा पहिला घुमारा मारला जातो. दुसरा घुमारा ९४ हर्ट्झचा, त्याचा या दोन जागी मुळातच शून्यबिंदू असतो, म्हणून तोही उठत नाही. मधल्या आसनापासून दोघे समान अंतरावर, त्यामुळे उशिराची भानगडच नाही. ३१ हर्ट्झचा फुगवटा राहील, पण फुगवटा इक्वलायझरने कापता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही. तिथे ६ डेसिबल वाढवलं तर अॅम्पवर चौपट भार पडतो आणि खड्डा होता तसाच राहतो. बाजूबाजूच्या आसनांसाठी हे उत्तम. सोफ्याच्या दोन रांगा असतील तर मात्र बालाघाट म्हणतात तेच करा.

शेजाऱ्यांचंही बघा. डाव्या पुढच्या कोपऱ्यात सब कोंबला तर आवाज सगळ्यात जास्त मिळेल, पण सामायिक भिंतही सगळ्यात जास्त थरथरेल. ३ फूट सोडलेले बरे. सबखाली रबरी पॅड टाका. त्याने फरशीतून जाणारा कंप कमी होतो, हवेतून भिंतीत जाणारा ३० हर्ट्झ काही थांबत नाही.

सीलबंद की पोर्टेड, हे ठरवताना अमेरिकेतल्या लोकांचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका. तिकडे भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम ठोकलेल्या, खालचा बेस त्यातून गळून जातो. आपल्या विटांच्या भिंती आणि स्लॅब तो आतच कोंडतात. पहिल्या घुमाऱ्याच्या खाली, म्हणजे तुमच्याकडे ३१ हर्ट्झच्या खाली, बंद खोली स्वतःच आवाज उचलून धरते. सीलबंद खोक्याचा उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचा, त्याला हा उचल छान जुळतो. पण त्यासाठी दार घट्ट बसायला हवं, फटी राहिल्या तर हा फायदा निघून जातो. उदाहरण म्हणून एसव्हीएसचे एसबी-१००० प्रो आणि पीबी-१००० प्रो बघा. दोन्हींत १२ इंची ड्रायव्हर, दोन्हींत ३२५ वॉट आरएमएस. पहिला सीलबंद आणि लहानसा, दुसरा पोर्टवाला आणि बराच मोठा. खोली २१६० घनफूट आहे. नेहमीच्या आवाजात सिनेमे बघणार असाल तर सीलबंद दोन पुरतात. थिएटरइतक्या मोठ्याने बघायची हौस असेल तर पोर्टवालेच घ्या, कारण २० ते ३० हर्ट्झमध्ये त्यांच्याकडे जास्त ताकद शिल्लक असते. एक सीलबंद आणि एक पोर्टवाला अशी जोडी मात्र लावू नका. पोर्टच्या ट्यूनिंगच्या आसपास दोघांची फेज जुळत नाही.

फोमचं उत्तर एका ओळीत: बेससाठी दोन इंची फोमचा काडीचाही उपयोग नाही. ३१ हर्ट्झच्या लहरीचा चौथा भागच ९ फूट होतो. फोमवर जाणारे पैसे रॉकवूलच्या ४ इंची पॅनेलना द्या, ते स्पीकरच्या आवाजासाठी बाजूच्या भिंतींवर लावा.

मांजराकाठ:
एकच रांग आहे, तिघांचा सोफा. रिसिव्हरला दोन्ही सबची अंतरं वेगळी भरता येत नाहीत, आत्ताच मॅन्युअल पाहिलं. म्हणजे माळवद म्हणतात तसं पडद्याखाली ३ आणि ९ फुटांवर. वायरिंगचं कुणी सांगेल का?

गोदाकाठ:
गिलाव्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत भाऊ.

रिसिव्हरच्या जागेपासून पडद्याखाली दोन्ही सबच्या जागी २५ मिलिमीटरचे पाइप टाका, आणि एक पाइप मागच्या भिंतीच्या मध्यावरही नेऊन ठेवा. आज लागणार नाही, पण उद्या दुसरी रांग आली तर भिंत फोडावी लागणार नाही. पाइपात ओढतार सोडून ठेवा. वळणं काटकोनी एल्बोने करू नका, लांब बेंड वापरा, नाहीतर आरसीएची (सबच्या वायरच्या टोकाची) पिन अडकते. सबची वायर म्हणून आरजी-६ (डिशला वापरतात ती) केबलला चांगल्या आरसीए पिना लावल्या की झालं, १० मीटरपर्यंत काही फरक पडत नाही. लाइटच्या पाइपापासून ती एक फूट लांब ठेवा. ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा.

मेन बोर्डापासून या खोलीच्या सामानासाठी २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची लाइन घ्या. रिसिव्हर, प्रोजेक्टर, दोन्ही सब, डिशचा डबा, सगळं याच एका लाइनवर. वेगवेगळ्या बोर्डांवर जोडलं की घों आवाज सुरू होतो. तसा आवाज आलाच तर आधी सबची आरसीए पिन उपसा. घों थांबला तर दोष सिग्नलच्या बाजूने येतोय, मग डिशची केबल काढून बघा. बहुतेक वेळा चोर तीच निघते. पिन उपसूनही आवाज राहिला तर सबचा अॅम्प किंवा लाइन बघा. अर्थची पिन तोडून घों थांबवायचा उपाय वायरमन सांगेल, तो अजिबात करू नका. सबच्या पाठीला धातूची प्लेट असते, दोष झाला तर ती शॉक देईल.

अर्थिंगकडे आपल्या भागात विशेष लक्ष हवं. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा संपर्क सुटतो. खड्ड्यात कोळसा-मीठ नीट भरा, पाणी ओतायला पाइप वर काढून ठेवा, आणि मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत आठवड्याला बादलीभर पाणी घाला. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा.

व्होल्टेज पडण्याने सब सहसा जळत नाही. मागच्या प्लेटवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर काळजीच नको. फक्त २३० लिहिलं असेल तर ताकद कमी मिळेल, तिथे स्टॅबिलायझर लावा. जास्त भीती न्यूट्रल सुटल्यावर चढणाऱ्या व्होल्टेजची आहे, म्हणून लाइनला ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ लावाच. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर त्यावर सब चालवू नका, भुणभुण येते आणि अॅम्पचा पॉवर सप्लाय तापतो. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करून भागत नाही. प्लग उपसा, आणि डिशची केबल व नेटची वायरही काढा.

बालाघाट:
एकच रांग असेल आणि उशीर वेगळा देता येत नसेल तर माळवद यांची मांडणीच योग्य, माझी मागे घेतो.

जोडल्यावरचं सांगतो. सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा एलएफईवर (सिनेमातला खास बेसचा चॅनल), फेज शून्य. रिसिव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे त्यांचा खालचा बेस सबकडे जातो), क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, एलएफईचा लो-पास १२०. 'एलएफई प्लस मेन' चालू करू नका, एकच बेस दोन ठिकाणाहून येऊन चिखल होतो. ऑटो सेटिंगचा माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला धरा. सेटिंग झाल्यावर सबची पातळी उणे १२ आली तर ती शेवटची पायरी आहे, खरी पातळी त्याही खाली असू शकते. सबचा आवाज थोडा कमी करून पुन्हा मोजा, उणे ३ ते उणे ६ च्या दरम्यान यायला हवी. सबचं अंतर टेपच्या मापापेक्षा जास्त दिसेल, ते 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.

मग लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. यूमिक-१ हा मोजमापाचा माइक मिळाला तर उत्तम. सेंटर स्पीकर आणि दोन्ही सब एकत्र वाजवून ६० ते १०० हर्ट्झमधला आलेख बघा. ८० पाशी खड्डा दिसला तर सबचं अंतर एकेक फुटाने वाढवत-कमी करत जा, आणि खड्डा सगळ्यात उथळ होईल तिथे थांबा.

माळवद:
एक भर. पीओपीचं सीलिंग करणार असाल तर त्याआधी सब आणून २० ते १२० हर्ट्झचा सावकाश स्वीप (खालून वर चढत जाणारा सलग सूर) वाजवा आणि एकाने खोलीभर हात लावत फिरा. खिडकीचा स्लायडिंग ट्रॅक, लोखंडी ग्रिल, ट्यूबलाइटचं झाकण, स्विचबोर्डाची प्लेट, प्रत्येकाची खडखड वेगळ्या हर्ट्झवर सुरू होते. जिथे हात दाबल्यावर आवाज थांबेल तिथे आकडा लिहून ठेवा. ट्रॅकला लोकरी पट्टी, प्लेटमागे फोम टेप, ग्रिलच्या सांध्यात सिलिकॉन. पीओपीच्या पट्ट्या स्लॅबला नुसत्या तारेने लटकवू देऊ नका, अँकर बोल्टने कसून घ्या आणि मधे रबरी वॉशर टाकायला सांगा. ते काम एकदा झाकलं गेलं की पुन्हा उघडता येत नाही.