आजीचे जुने रुपये: झिजलेल्याला किंमत कमी का?

वाईची_लेक: आजीच्या पितळी डब्यात चांदीचे अकरा रुपये निघाले. चार राणीछाप, बाकी पाचव्या जॉर्जचे. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात मांडायची ती. 1911 च्या रुपयावर राजाची मिशीसुद्धा पुसट झालीय. 1919 चा मी चिंच आणि रांगोळी लावून लख्ख केला. एका राणीछापाला डाग देऊन (म्हणजे झाळून) कडी बसवलेली आहे. सराफाने सगळे एकत्र तोलून चांदीचाच भाव सांगितला. बाकीचेही घासून घेऊ का?

तांब्याचा_दुदांडी: नका हो! आहेत तसेच राहू द्या. 1911 चा वेगळा काढा आणि राजाच्या झग्यावरच्या हत्तीचा फोटो टाका.

रुपयाभार: ताई, मी पंचवीस वर्षं फक्त जॉर्जचे रुपये जमवतोय, म्हणून कळकळीने सांगतो. नवा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. पार गुळगुळीत झालेला रुपयाही त्यातलं थोडंच वजन गमावतो, त्यामुळे सराफाच्या काट्यावर दोन्ही जवळपास सारखे. आम्ही भिंगातून बघतो ते कान, भुवई, मिशी, झग्यावरची नक्षी. उंच भाग आधी झिजतात. तिथल्या रेघा शाबूत असतील तर त्याच सालाच्या रुपयाला कितीतरी पट जास्त मिळतात.

पण झीज परवडली, घासणं नाही. तुमचा 1919 चा रुपया दिव्याखाली तिरपा फिरवून बघा. वापरात न आलेल्या, न घासलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेल्यावर बारीक ओरखडेच ओरखडे दिसतात, आणि ते कशानेही जात नाहीत. 1919 चे ढिगाने मिळतात, म्हणून त्यात फार नुकसान नाही.

1911 चं मात्र वेगळं. झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, टांकसाळीतला बहुतेक माल वितळवला आणि 1912 पासून हत्ती सुधारला. त्यामुळे मिशी गेली तरी तो चांदीच्या भावात देऊ नका. फक्त खरा आहे ना, हे आधी जाणकाराला दाखवा.

वाईची_लेक: काका, फोटो टाकलाय. सोंड आखूडच दिसतेय! कडी काढून घेऊ का?

रुपयाभार: सोंड तशीच असते यात. तोलून वजनही कळवा. कडी काढू नका. डाग उतरवताना आच लागते आणि खड्डा राहतोच. संग्राहक असं नाणं घेत नाहीत, पण आजीच्या गळ्यातलं असेल तर तुम्हीही ते विकणार नाही. बाकीचे कडेला धरून उचला, मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर नाण्यांच्या दुकानात मिळतात, ते घ्या.