एका दिवसात होणाऱ्या सहली
ताई, तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या रीडिंग गावात नवीन आहोत, वीकेंडला एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय, तर मी भुसावळची, मागच्या वर्षी लेकीकडे तिकडेच चार महिने होते म्हणून लिहिते. स्टोनहेंज, ते प्राचीन उभ्या दगडांचं प्रसिद्ध वर्तुळ, सगळेच सांगतील पण मला तसंच दगडांचं वर्तुळ असलेलं ॲव्हबरी गाव जास्त भावलं, दगडांच्या वर्तुळाला तिकीट नाही, हात लावता येतो, आणि गावातली कितीतरी घरं वर्तुळाच्या आतच आहेत. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच गवतावर बसून खाल्ली. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये १२१५ ची मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, आहे, त्या सालच्या चारच प्रती उरल्यात, ती चुकवू नका. सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी बंद असलेल्या जागाही फुकट बघायला मिळतात.

आणि आपल्या खान्देशच्या माणसांनी लंडनचं व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियम बघावंच. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात ज्याची कितीतरी वर्षं गेली त्या ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिलची कबर आमच्या भुसावळात आहे, त्याची बरीच चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत जळाली, वाचलेली थोडी त्या म्युझियमच्या संग्रहात आहेत. सगळं मांडलेलं नसतं, आधी वेबसाइटवर बघून जा. काय सांगू माय, तिथे अजिंठ्याचं नाव वाचलं आणि डोळे भरून आले.