‘कंपनी बघून घेईल’: परदेशातल्या नोकरीतला आयकर नेमका कुणी समजून घ्यायचा?

खर्डेघाशी

कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी परदेशात पाठवलं की बहुतेक जण कराचं सगळं कंपनीच्या सल्लागारावर सोपवून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. विवरणपत्रावर सही आपली असते, नोटीसही आपल्याच नावाने येते. ती येईपर्यंत आपण नोकरी बदललेली असली तर तो सल्लागार ओळखही दाखवत नाही.

उदाहरणार्थ, ‘183 दिवसांच्या आत परतलं की तिथे कर नाही’ हे वाक्य परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून बहुतेक देश आपसात करार करतात; ते ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या नमुना करारावर बेतलेले असतात आणि त्यात कलम 15 मध्ये तीन अटी आहेत. दिवस 183 च्या आत हवेत, ही झाली पहिली. पगार देणारी कंपनी त्या देशातली निवासी नसावी आणि पगाराचा बोजा तिच्या तिथल्या शाखेवर, म्हणजे स्थायी आस्थापनेवर, पडलेला नसावा, या उरलेल्या दोन. सूट हवी तर तिन्ही पाळल्या पाहिजेत. लोक पहिली पाठ करतात आणि उरलेल्या दोन कुणाच्या गावीही नसतात.

दिवस मोजायचेही आपल्या मनाने नाहीत. या कलमापुरतं बोलायचं तर येण्याचा दिवस, जाण्याचा दिवस, शनिवार-रविवार, तिथे काढलेली सुट्टी, सगळं धरतात. हे नोकरदाराला माहीत नको?

कीर्दखतावणी

असहमत. मी एका कंपनीच्या पगार विभागात काम करते, त्यामुळे पलीकडची बाजू मांडते.

तुम्ही ज्या अटींवर बोट ठेवलंत, त्यांची उत्तरं नोकरदाराला कळणार कुठून? तुमच्या पगाराचा खर्च मूळ कंपनीने परदेशातल्या भगिनी कंपनीच्या माथी मारला की नाही, हे दोन कंपन्यांमधल्या बिलांत असतं. पगारपत्रकावर त्याची खूण नसते. अनेक देश तर करार कुणाशी झालाय हे न पाहता काम कोण करून घेतंय हे पाहतात. स्वीडनने 1 जानेवारी 2021 पासून हेच सुरू केलं. तिथे मालक कोण, हे दोन्ही कंपन्यांच्या वकिलांनाही बसून ठरवावं लागतं.

वर कर समतोल असतो. नोकरदार मायदेशात असता तर जेवढा कर भरला असता तेवढा ‘काल्पनिक कर’ म्हणून पगारातून कापायचा आणि खरा कर दोन्हीकडे कंपनीने भरायचा. सोपं वाटतं ना? समजा कंपनीने महिन्याला 1,000 रुपये घरभाडं दिलं, कराचा दर 40 टक्के आणि भाडं करपात्र. कर झाला 400. तो कंपनीने भरला म्हणजे ते 400 हेही तुमचंच उत्पन्न, म्हणून त्यावर 160. त्या 160 वर 64. असं करत करत 1,000 चं भाडं कंपनीला सुमारे 1,667 ला पडतं. हे गणित नोकरदाराने करायचं? ज्याने पाठवलं त्याने निस्तरावं.

खर्डेघाशी

@कीर्दखतावणी, गणित करा असं कुठे म्हटलंय? आपल्या पगाराचा खर्च तिकडच्या कंपनीकडून वसूल होतोय का, हे ईमेलवर विचारायला वकील लागत नाही. लेखी विचारलं की उत्तर द्यावं लागतं. विचारतच नाहीत, म्हणून तर हा धागा.

उंबरठा

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. कराच्या दृष्टीने तुम्ही कुठल्या देशाचे निवासी ठरता हे ज्या गोष्टींवर अवलंबून असतं, त्या कंपनीला ठाऊकच नसतात.

जर्मनीत राहती सदनिका हाताशी ठेवलीत, किल्ली खिशात आहे आणि पुन्हा तिथे राहण्याचा बेत आहे, एवढ्यावर तुम्ही तिथले निवासी ठरू शकता. मग वर्षातून थोडेच दिवस तिथे झोपलात तरी. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2013 पासूनच्या नियमांत मुख्यतः मध्यरात्री मोजतात: रात्री बारा वाजता देशात होता की नव्हता. म्हणजे एकाच प्रवासाचे दिवस दोन देशांत दोन वेगळ्या रीतीने मोजले जातात.

दोन्ही देश ‘हा आमचा’ म्हणाले तर करारातली उतरंड लागते. कायमचं घर कुठे? दोन्हीकडे असेल तर वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट? तेही ठरेना तर नेहमीचा मुक्काम कुठे, मग नागरिकत्व आणि शेवटी दोन्ही देशांच्या कर खात्यांची आपसातली बोलणी. जोडीदार कुठे राहतो, मुलं कुठल्या शाळेत, घर भाड्याने दिलंय की कुलूप लावून ठेवलंय, हे मनुष्यबळ विभागाला कोण सांगणार? तुम्हीच. म्हणून माझं झुकतं माप खर्डेघाशींना.

तिरपा शेरा

तुम्ही सगळे नियम समजावताय, पण नियमच तर्कहीन आहेत त्याचं काय? अमेरिका आपल्या नागरिकाचा पाठलाग जगभर करते. 1924 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेक्सिकोत राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाच्या तिथल्या उत्पन्नावरचाही कर वैध ठरवला, ते आजवर चालू आहे. 2025 साठी परदेशात कमावलेलं 1,30,000 डॉलरपर्यंतचं उत्पन्न वगळता येतं म्हणे, पण वगळून घ्यायलाही विवरणपत्र भरायचंच. परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली की त्या खात्यांचा अहवाल वेगळा. एरिट्रिया बाहेरच्या आपल्या लोकांकडून 2 टक्के घेतो, त्याला सगळे नावं ठेवतात. अमेरिकेला कोण ठेवणार!

आणि भारत? 2020-21 पासून, दुसऱ्या कुठल्याच देशात करदायित्व नसलेला आणि देशातलं उत्पन्न 15 लाखांहून जास्त असलेला नागरिक निवासी मानला जातो. आखातात राबणाऱ्यांच्या पगारावर डोळा, दुसरं काय.

हिशेबी

@तिरपा शेरा, शेवटचं अर्धंच सांगितलंत. तसा मानीव निवासी ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला’ या वर्गात पडतो. परदेशात केलेल्या नोकरीच्या परदेशी पगारावर त्याला भारतात कर लागत नाही. नियम आला तेव्हाही अशीच घबराट उडाली होती. नियमांवर टीका जरूर करा, पण अर्धवट सांगून लोकांची झोप कशाला उडवता?

मूळ वादाबद्दल: नोकरदाराला खरी ठेच लागते ती वर्षाच्या खाचेत. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचं 6 एप्रिल ते 5 एप्रिल, ऑस्ट्रेलियाचं जुलै ते जून, भारताचं एप्रिल ते मार्च. एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मागायची तर एकच पगार दोन वर्षांत चिरावा लागतो. एकीकडचं वर्ष संपलेलं नसतं आणि दुसरीकडची मुदत दारात उभी असते. याला ना कंपनी जबाबदार ना नोकरदार. पण पगारपत्रकं, प्रवासाची तिकिटं, पासपोर्टावरचे शिक्के जपून ठेवणं एवढं तर आपल्या हातात आहे.

अर्धा पगारदार

मला कर समतोलाबद्दलच बोलायचंय. माझ्या खात्यात परदेशी कर विभागाचा परतावा आला. विवरणपत्र माझ्या नावाचं, खातं माझं. पाठोपाठ कंपनीचं पत्र: ही रक्कम आमची, तीस दिवसांत परत करा. हे कुठलं न्यायाचं? ‘बघून घेईल’ म्हणजे असं?

कीर्दखतावणी

अहो, जादा कर भरला होता कंपनीने, मग परतावा तुमचा कसा? नेमणुकीच्या पत्रात तसं कलम असणार, काढून बघा. जिथे पैसे तुमच्या पगारातून कापले आणि समतोल नव्हता, तिथे मात्र परतावा तुमचाच.

अर्धा पगारदार

कलम आहे. इंग्रजीत, अकराव्या पानावर, आणि सही करायला विमानाच्या आदल्या दिवशी दिलं होतं.

खर्डेघाशी

@कीर्दखतावणी, आता बोला.

कीर्दखतावणी

आदल्या दिवशी देणं चूकच, त्याची पाठराखण करणार नाही. पण यावरून माझंच म्हणणं पक्कं होतं. समजावून सांगायचं काम कंपनीचं होतं, ते झालं नाही. याला ‘नोकरदाराने अभ्यास करायला हवा होता’ हे उत्तर नव्हे.

उंबरठा

@अर्धा पगारदार, ते पत्र हातात आहेच तर अजून एक बघा. शेअर मिळाले असतील आणि हक्क एका देशात दिला, हातात पडले दुसऱ्या देशात, तर अनेक देश त्या दरम्यानच्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात उत्पन्न वाटून धरतात. म्हणजे तुम्ही परत आल्यानंतरही तिकडे विवरणपत्र भरावं लागू शकतं. नेमणूक संपल्यावर सल्लागाराची फी कंपनी किती वर्षं देणार, हे लिहिलंय का त्यात?

अर्धा पगारदार

शोधतोय. शेअरचा उल्लेखच दिसत नाही.

कीर्दखतावणी

मग आजच लेखी विचारा. आणि हो, @खर्डेघाशी, विचारायला लागतंय हीच माझी तक्रार आहे.