गच्चीला ‘विजेशिवाय एसी’वाला रंग: पुण्यात खरंच उपयोग होतो का?

तिसरा_मजला यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

सहकारनगरमधली आमची जुनी सोसायटी, तीन मजली, वर सपाट गच्ची. आम्ही सगळ्यात वर. मार्च उजाडला की पुण्यातल्या वरच्या मजल्याचं काय होतं हे इथे बऱ्याच जणांना सांगायला नको. आमच्याकडे दुपारी दोनला जेवढा त्रास होत नाही तेवढा रात्री नऊला होतो. बाहेर कात्रजच्या बाजूने गार वारा सुटलेला असतो आणि घरात स्लॅब उकाडा ओतत असतो. आई एसी लावू देत नाही, सांधे धरतात म्हणते.

परवाच्या मीटिंगला एक कंत्राटदार येऊन गेला. ‘नॅनो टेक्नॉलॉजी कूल कोट’. १५ अंश तापमान कमी, दहा वर्षं गॅरंटी. चौरस फुटाचा भाव ऐकून आमच्या खजिनदारांनी हातातला चहा खाली ठेवला. पुरावा म्हणून त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची बातमी दाखवली. घरी येऊन मी शोधलं. २०२१ चं संशोधन आहे, रंग ९८.१ टक्के ऊन परत पाठवतो, भर दुपारी आजूबाजूच्या हवेपेक्षा साडेचार अंश गार राहतो. जगातला सगळ्यात पांढरा रंग म्हणून गिनीजमध्येही नोंद आहे.

आता मला कळेना. उन्हात ठेवलेली वस्तू हवेपेक्षा गार कशी राहील? आणि राहत असेल तर मग २०२१ पासून आजवर आपल्याकडे सगळ्यांच्या गच्चीवर हा रंग का नाही? खर्च करावा का, की आजोबा मारायचे तसा चुना मारून गप्प बसावं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा (परत पाठवणार नाही).

डबा_आणि_ब्रश यांचा प्रतिसाद

भोसरीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी बघतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच सांगतो.

तुमच्या कंत्राटदाराने दाखवलेली बातमी खरी आहे. त्याच्या डब्यात तो रंग नाही, एवढाच काय तो फरक.

पर्ड्यूच्या शिउलिन रुआन यांच्या गटाने वापरलंय बेरियम सल्फेट. पोटाचा एक्स-रे काढायच्या आधी प्यायला देतात तेच. दुर्मीळ वगैरे काही नाही, आंध्रात मंगमपेटला त्याच्या मोठ्या खाणी आहेत. नेहमीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो. डोळ्याला तो पांढराशुभ्र दिसतो, पण उन्हातले अतिनील किरण पिऊन टाकतो. बेरियम सल्फेट पीत नाही. शिवाय त्यांनी कण मुद्दाम लहानमोठे ठेवले, म्हणजे उन्हातली प्रत्येक तरंगलांबी कुठल्या ना कुठल्या कणावर आपटून परत जाते.

इथपर्यंत झकास. आता डब्यात बघू. त्यांच्या रंगात पावडरचं प्रमाण आकारमानाने ६० टक्के आहे. आमच्या धंद्यात एक हद्द असते. त्यापुढे पावडर वाढवली की कणांना धरून ठेवायला रेझिन पुरत नाही, फिल्म सच्छिद्र होते, पाणी पिते, काळा कपडा फिरवला की पांढरा होऊन येतो. बाहेर मारायच्या रंगात आम्ही त्या हद्दीच्या बरेच अलीकडे थांबतो, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या पावसाळ्यात फोन करतं. आणि जाडी? ४०० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). बाहेरच्या भिंतीला मारतो तो हात वाळल्यावर ३०-४० मायक्रॉनचा भरतो, म्हणजे दहा हात. हजार चौरस फूट गच्चीला नुसती पावडरच शंभर किलो लागेल. त्याच गटाने पुढच्या वर्षी बोरॉन नायट्राइडचा पातळ रंग काढला, १५० मायक्रॉनमध्ये जवळपास तेवढंच परावर्तन. पण ती पावडर गच्चीवर ओतायच्या भावाची नाही.

हवेपेक्षा गार कसं, हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. प्रत्येक वस्तू उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकत असते. ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीचे किरण वातावरणात फारसे अडत नाहीत, थेट वर निघून जातात. मोकळ्या आकाशाखाली रात्री पत्र्यावर दव धरतं ते याच कारणाने. दिवसाही हे साधता येतं हे स्टॅनफर्डच्या आस्वथ रमण आणि शानहुई फॅन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. चांदीवर सिलिका आणि हाफ्नियम ऑक्साइडचे पातळ थर, ९७ टक्के ऊन परत, उन्हात हवेपेक्षा ४.९ अंश गार.

आता कागद-पेन्सिल घ्या. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊन पडतं. पर्ड्यूच्या रंगाची आकाशाकडे उष्णता फेकायची निव्वळ कमाई ११०-११५ वॅट. म्हणजे परावर्तन एक टक्का घसरलं की १० वॅट गेले. ९८ चं ८७ झालं की कमाई शून्य, ‘हवेपेक्षा गार’ हा प्रकार संपला. आणि पुण्यात ९८ चं ८७ व्हायला काय लागतं हो? शेजारी एक बांधकाम, रस्त्याचं खोदकाम, फेब्रुवारी-मार्चमधे डोंगरावर लागणारे वणवे, त्यांची काजळी. पावसाळ्यात गच्चीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं ते ऑक्टोबरात वाळून काळंकुट्ट होतं.

शिवाय अशा चाचण्यांत नमुना सहसा थर्माकोलच्या खाचेत ठेवतात, वर पातळ प्लास्टिकची फिल्म ताणतात, म्हणजे वारा लागत नाही आणि खालून उष्णता येत नाही. यात फसवणूक काही नाही, पदार्थाची कुवत मोजायची तर तसंच मोजावं लागतं. पण तुमची गच्ची खाचेत नाही.

तरी निराश होऊ नका, कारण तुम्हाला ‘हवेपेक्षा गार’ नकोच आहे. जुना काळपट कोबा पंचवीस-तीस टक्के ऊन परत पाठवतो, बाकी सगळं गिळतो. म्हणजे ७०० वॅटच्या आसपास. साधा स्वच्छ पांढरा थर ८० टक्के परत पाठवतो, गिळतो २००. खरी बचत इथे होते, ती ५०० वॅटची. ८० वरून ९८ ला जायचं म्हणजे आणखी १८० वॅट, आणि ते पहिल्या धुळीत अर्धे जाणार.

आणि आजोबांचा चुना. कळीचा चुना मारला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. पर्ड्यूच्या त्याच गटाने २०२० मध्ये बेरियमच्या आधी काढलेला ९५.५ टक्क्यांचा रंग कशाचा होता? कॅल्शियम कार्बोनेटचा. कणांचा आकार, जाडी सगळं वेगळं, मान्य. पण खनिज तेच.

तुमच्या कंत्राटदाराला एवढंच विचारा: १५ अंश कुठले? गच्चीच्या पृष्ठभागाचे की खोलीतले? पृष्ठभागाचे १५ तर चुन्यानेही उतरतात. खोलीत दोन-तीन अंश उतरले तरी खूप झालं. दुसरं, तीन वर्षं वापरानंतरचं परावर्तन किती? धूळ, काजळी, ऊन, दव हे सगळं प्रयोगशाळेत तीन दिवसांत तीन वर्षांइतकं करून बघायची पद्धत आहे, एएसटीएम डी ७८९७. त्याचा रिपोर्ट मागा. चेहरा बघण्यासारखा होईल.

साबरमतीकाठची_पुणेकर यांचा प्रतिसाद

माहेर सदाशिव पेठ, सासर अहमदाबाद. इथे उन्हाळा म्हणजे काय ते विचारू नका. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, २०१७ पासून वस्त्यांमधल्या छपरांना पांढरं करायची मोहीम सुरू झाली. त्यात बराचसा चुनाच. आमच्या मागच्या चाळीत पत्र्याची घरं आहेत, तिथल्या बायका सांगतात की दुपारी घरात बसता येतं, पूर्वी ओट्यावर यावं लागायचं.

दोन गोष्टी माझ्याकडून. चुना होळीच्या आसपास मारा, दिवाळीत नको. दिवाळीत मारलेला उन्हाळा येईपर्यंत मळतो. आणि गच्चीला आधी तडे असतील तर ते भरून घ्या. चुन्याने गळती थांबते असं पुष्कळांना वाटतं, थांबत नाही.

भावाच्या धायरीच्या घरी पत्र्याला चंदेरी रंग मारलाय, तो चालतो का? डबा_आणि_ब्रश दादा, तुम्हीच सांगा.

तिसरा_मजला

डबा_आणि_ब्रश काका, दंडवत! खजिनदारांना प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले ‘हा माणूस आपल्या सोसायटीत का नाही’.

अजून एक फाटा. काही सभासद म्हणतात रंगबिंग सोडा, सरळ सोलर बसवू, सावलीही होईल. दोन्हीतलं एक निवडायचं तर काय?

उन्हाची_शेती यांचा प्रतिसाद

सिंहगड रस्त्याला सोलरची कामं करतो, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा.

सावलीचा मुद्दा बरोबर आहे. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठाने स्वतःच्याच एका इमारतीवर मोजून २०११ मध्ये ते प्रसिद्ध केलं होतं. पॅनलखालचं छत दिवसा अडीच अंश गार निघालं. पॅनल आणि स्लॅबमधून वारा खेळला पाहिजे, एवढी अट. पॅनल स्लॅबला चिकटवून बसवले तर वाटोळं.

पण एकच निवडायची गरज काय? खाली पांढरं, वर पॅनल. हल्ली दोन्ही बाजूंनी वीज करणारे पॅनल मिळतात, खालून परत आलेलं ऊनही ते वापरतात. काळ्या कोब्यावर त्यांची मागची बाजू फुकट जाते. शिवाय पॅनल तापला की वीज घटते, दर अंशाला ०.३ ते ०.३५ टक्के. एप्रिलमध्ये पॅनल साठीच्या पुढे जातो आणि पॅनलवर छापलेला वॅटचा आकडा २५ अंशाचा असतो. हिशोब करा.

सोसायटीच्या सामाईक मीटरसाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग त्यात बसतं. आणि हात जोडून विनंती, स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं करा. वॉटरप्रूफिंगला भोक पाडून गेलेला माणूस परत फोन उचलत नाही.

डबा_आणि_ब्रश

ताई, चंदेरी रंगाबद्दल. तो ऊन बऱ्यापैकी परत पाठवतो, पण जी काही उष्णता घेतो ती किरणांनी फारशी बाहेर टाकत नाही. धातूचा स्वभावच तो. म्हणून चंदेरी पत्रा पांढऱ्यापेक्षा तापतो. भावाला सांगा, पुढच्या वेळी पांढरा मारा.

हल्ली लोक ऑनलाइन ते पिस्तुलासारखं थर्मामीटर घेतात आणि फोटो टाकतात, ‘बघा चंदेरी रंग किती गार’. ते यंत्र किरण मोजतं. चकचकीत धातू किरण फारच कमी टाकतो, म्हणून यंत्र त्याला गार समजतं. चंदेरी भागावर बोटभर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. खरा आकडा येतो. पांढऱ्या रंगावर आणि चुन्यावर ही भानगड नाही.

तिसरा_मजला, तुमच्या गच्चीवर एक करा. कंत्राटदाराकडून नमुन्याचा छोटा डबा मागून घ्या, नाहीच म्हणाला तर समजायचं ते समजा. एका कोपऱ्यात सतरंजीएवढा तुकडा त्याच्या रंगाने, शेजारी तेवढाच चुन्याने, तिसरा तसाच ठेवा. दुपारी एकला तिन्हीकडे मोजा. मग महिनाभर न झाडता परत मोजा. मला तो दुसरा आकडा बघायचाय.

रात्री नऊचं कोडं: स्लॅब जाड, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. दुपारची उष्णता खाली झिरपायला तासन् तास जातात, ती छतातून तुमच्या आईच्या पलंगावर पोचते तेव्हा बाहेर गार झालेलं असतं. म्हणून सकाळी अकरा ते तीन ऊन अडवणं महत्त्वाचं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारता तेव्हा वेळ निघून गेलेली असते, टँकरचं पाणी तेवढं वाया.

पाण्यावरून आठवलं. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठाने २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक सिमेंटचा पांढरा रंग मांडला. तो पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, घाम आल्यासारखा. दमट हवेत ८ ते १३ मायक्रोमीटरचे किरण वर निसटायची ती आकाशातली ‘खिडकी’ वाफेने धुरकटते, किरणांची कमाई घटते, म्हणून तिथल्या लोकांनी ही वाट काढली. रत्नागिरी-मुंबईकरांनी तिकडे लक्ष ठेवावं. आपला एप्रिल कोरडा, आपल्याला किरणांचा मार्ग जास्त लागू. हाँगकाँगमध्ये ९९.६ टक्के ऊन परत पाठवणारी ॲल्युमिनाची सिरॅमिक फरशीही झालीये, २०२३ मध्ये. ती मला आवडते, कारण फरशी पुसता येते. आपल्या चायना मोझॅकवाल्या गच्च्यांना हे आधीच माहीत होतं. पांढरे तुकडे लावलेली जुनी गच्ची असेल तर रंग मारू नका, नुसती घासून काढा.

तिसरा_मजला

पट्टे मारतो, आकडे इथेच टाकेन. चुन्यात फेविकॉल घालायचा की नाही? आणि आमच्या मजल्यावरच्या काकूंचा आक्षेप: चुन्याच्या गच्चीवर कुरडया कशा वाळवायच्या, पायाला लागून घरभर होईल.

डबा_आणि_ब्रश

थोडा घाला, पाण्यात आधी नीट विरघळवून. जास्त झाला की साली निघतात. दोन पातळ हात, पहिला आडवा, दुसरा उभा, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा नको. हातमोजे घाला, कळीचा चुना डोळ्यात गेला तर फार वाईट.

काकूंसाठी जिन्याच्या दारापासून टाकीपर्यंतची वाट आणि कुरडयांपुरता चौकोन तसाच सोडा.

साबरमतीकाठची_पुणेकर

चौकोन मोठा सोडा हो. पापडही असतात.