मदत हवी आहे: जुन्या वर्तमानपत्रांतले ‘अण्णासाहेब’ नेमके कोण?

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा साधारण १८९० ते १९१५ या काळात पुण्यात वकिली करत. घरीदारी सगळे त्यांना अण्णासाहेबच म्हणत. ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’चे जुने अंक चाळतोय, पण पुण्यात त्या वेळी अण्णासाहेबांचा सुकाळच होता! धोंडो केशव कर्वे अण्णासाहेब, टिळकांच्या गोटातले डॉ. विनायक रामचंद्र पटवर्धनही अण्णासाहेब. बलवंत पांडुरंग किर्लोस्कर १८८५ मध्येच गेले, पण नाटकांच्या बातम्यांत त्यांचे ‘अण्णासाहेब’ पुढेही येत राहते. ‘रा. रा. अण्णासाहेब यांनी आभार मानले’ एवढ्यावर बातमी संपली, की डोक्याला हात. त्या काळच्या वाचकाला माणूस माहीत होता, पंचाईत आपली.

फोटोप्रतींमध्ये शब्दशोध जवळपास चालत नाही. जोडाक्षरे आली की यंत्र काहीच्या बाही वाचते. त्यामुळे सगळे डोळ्यांनीच.

सध्या सभेतली इतर नावे टिपून माणूस ओळखायचा प्रयत्न करतोय. याहून खात्रीची वाट कोणती? त्या काळातल्या वकिलांच्या याद्या कुठे पाहायला मिळतील? नगरपालिकेची किंवा संस्थांची इतिवृत्ते कुणी चाळली आहेत का? तिथे पूर्ण नाव सापडेल असे वाटते.

आणखी एक. काही बातम्यांत पणजोबांच्याच आडनावाचे ‘रावसाहेब’ भेटतात. ही सरकारी पदवी की नुसते घरगुती नाव, हे कसे ताडायचे? पदव्यांच्या जुन्या याद्या कुणाकडे असतील तर कृपया कळवा.